मावशी, तुमचं काम नाही यात

दिवाळीत माहेरी गेले होते. भाऊबीजेच्या सकाळी घरात अजून निम्म्या आंघोळी व्हायच्या होत्या, तेवढ्यात दारात दोन पोरं येऊन उभी राहिली. गळ्यात पक्षाचे रुमाल, एकाच्या बगलेत कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा, दुसऱ्याच्या हातात गावातल्या शिकलेल्यांची यादी. पदवीधर मतदारसंघाची नोंदणी चालू होती. यादीत दादाचं नाव होतं, वहिनीचं होतं, आणि पेनानं नंतर लिहिलेलं माझंही होतं, पुढे ‘पुण्याला’ असा शेरा. कुणाच्या घरात किती डिग्र्या आहेत हे तलाठ्याला ठाऊक नसेल, पण पक्षाला असतं. दादानं कपाटातून सर्टिफिकेटांची फाइल काढली, वहिनी बी.एड.च्या झेरॉक्सवर सह्या करायला बसली, माझं सर्टिफिकेट मोबाइलमध्ये निघालं. आई पायरीवर लसूण सोलत बसली होती. ती उठली, हात पदराला पुसले, आत गेली आणि आपली ती निळी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. रेशनकार्ड, आधार, पासबुक, मतदानाचं कार्ड असं सगळं तिच्या आयुष्याचं दप्तर त्या पिशवीत असतं, वर रबर गुंडाळलेलं. रबर काढून तिनं मतदानाचं कार्ड पुढं केलं. “माझं बी लिवा की.”

पोरगा हसला. वाईट नव्हता. “मावशी, तुमचं काम न्हाई ह्यात. शिकलेल्यांचं हाय हे.”

आईनं कार्ड परत पिशवीत घातलं, रबर दोनदा गुंडाळलं. “कोण निवडून येतंय ह्यातनं?” तिनं मला विचारलं. म्हटलं, आमदार. “आमदार तर मागल्या साली निवडला की आपण.” म्हटलं, हा वेगळा, वरच्या सभागृहाचा, विधान परिषदेचा. “मग ह्यो काय करतो?” माझी एम.ए.ची डिग्री त्याच मिनिटाला दादाच्या हातातून फॉर्मला टाचली जात होती. विषय राज्यशास्त्र. आणि मला एका वाक्यात सांगता आलं नाही. ती परत लसणाकडे वळली, तिच्या दृष्टीनं विषय संपला. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत एक मतदान तिनं कधी चुकवलेलं नाही. आमचे वडील गेले त्या वर्षीसुद्धा सुतकातून उठून शाळेत रांगेला उभी राहिली होती. तिला राग आला नव्हता, मला मात्र ते टोचत राहिलं.

पुण्याला परत येताना एसटीत तेच डोक्यात. ७८ जणांचं सभागृह. त्यातल्या ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडून देतात, २२ जणांना नगरसेवक आणि झेडपीवाले, सात जणांना शिक्षक, सात जणांना पदवीधर आणि १२ राज्यपालांच्या सहीनं येतात. म्हणजे माझ्या आईच्या मताशी थेट संबंध असलेला एकही नाही. तिनं आमदार निवडला, त्या आमदारानं यांना निवडलं, असं म्हणून तिची समजूत घालता येते. पण माझं तसं नाही. मी आमदारही निवडते आणि वर त्याच विधिमंडळात आणखी एक माणूस पाठवते. मला दोन मतं, तिला एक. का, तर मी तीन वर्षं कॉलेजात बसले.

घटना लिहिली गेली तेव्हाचा हिशेब समजू शकतो. १९५१ च्या जनगणनेत देशात साक्षर होते शंभरात अठरा. तालुक्याच्या गावाला वकील, डॉक्टर, हेडमास्तर धरून पदवीधर हाताच्या बोटांवर. सगळ्यांना सरसकट मताचा अधिकार द्यायचं ठरलं, ते मोठंच धाडस होतं, आणि त्या धाडसाची थोडी भीतीही असणार. मग या शहाण्या माणसांसाठी एक कोपरा राखून ठेवला. शिक्षकांचंही तसंच. पण तिथेही वर गाळणी आहेच. माध्यमिक शाळा आणि त्याच्या वरचे शिक्षकच शिक्षक मतदारसंघात धरतात. आमच्या गावच्या जीवन शिक्षण मंदिरात ज्या गुरुजींनी मला मुळाक्षरं गिरवायला लावली, त्यांना निवृत्त होईपर्यंत शिक्षक म्हणून मत नव्हतं. गावच्या हायस्कुलात कालपरवा लागलेल्या माझ्या वर्गमित्राला मात्र तीन वर्षं भरली की मिळालं. हे अजून तसंच आहे, आणि कुणाला त्याचं फारसं काही वाटतही नाही.

आणि हे शहाणे मतदार मत देतात कसं, तेही सांगते, कारण मी दिलंय. बूथवर मतपत्रिका देतात, चांगली लांबरुंद, आणि सोबत जांभळ्या शाईचा स्केचपेन. त्याच पेनानं लिहायचं, आपलं बॉलपेन चालत नाही. नावापुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे टाकायचे. ‘एक’ असं अक्षरात लिहिलं की मत बाद. बरोबरची खूण केली की बाद. सही केली तर बादच बाद. बाहेर भिंतीवर हे सगळं मोठ्या अक्षरात लावलेलं असतं. तरी दर वेळी मोजणीला हजारोंच्या संख्येनं मतं बाद निघतात, पदवीधरांची. कुणी खूण करतं, कुणी खाली ‘विजयी भव’ लिहितं. मोजणी दिवस-रात्र चालते, कारण निवडून यायला लागणाऱ्या मतांचा कोटा पहिल्या फेरीत बहुधा कुणाचाच पुरा होत नाही आणि मग शेवटच्या उमेदवाराला बाद करून त्याची दुसऱ्या पसंतीची मतं वाटत बसायचं. माझी आई ईव्हीएमचं बटण कधी चुकली नाही. पण ते असो.

मागच्या दाराने आलेले, असं विधान परिषदेच्या आमदारांना सर्रास म्हणतात, आणि म्हणायला कारणंही आहेत. निवडणुकीत पडलेल्याचं पुनर्वसन, तिकीट कापलेल्याची समजूत, मित्रपक्षाची भरपाई, साखर कारखान्याच्या राजकारणात उपयोगी पडलेल्याचे उपकार फेडणं, सगळ्याची सोय एकाच ठिकाणी. आमदारांनी करायचं मतदान गुप्त असतं. राज्यसभेला आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या माणसाला दाखवावी लागते, इथे नाही. त्यामुळे इथे मतं फुटतात. २० जून २०२२ ला दहा जागांसाठी अकरा उमेदवार उभे होते. काँग्रेसचे पहिल्या पसंतीचे उमेदवार चंद्रकांत हंडोरे पडले, आणि निकालावर टीव्हीवर चर्चा रंगली असतानाच एकनाथ शिंदे काही आमदारांना घेऊन सुरतच्या वाटेला लागलेले होते. दहा दिवसांत राज्यात सरकार बदललं. ज्या सभागृहाला कसलाही ठराव करून सरकार पाडता येत नाही, त्याच्या निवडणुकीच्या रात्रीपासून सरकार पडायला लागलं. त्याच सभागृहानं दोनच वर्षांपूर्वी ते सरकार वाचवलंही होतं. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले तेव्हा कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांची मुदत मे २०२० अखेर संपत होती आणि बाहेर टाळेबंदी. मंत्रिमंडळानं राज्यपालांकडे नियुक्तीची शिफारस केली, पुन्हा केली, उत्तर नाही. शेवटी निवडणूक आयोगानं परिषदेची निवडणूक लावली आणि नऊच्या नऊ जागा बिनविरोध झाल्या.

त्याच वर्षी राज्यपालांच्या कोट्यातल्या १२ जागा रिकाम्या झाल्या. नोव्हेंबरमध्ये सरकारनं बारा नावं पाठवली. राज्यपालांनी ती ना स्वीकारली ना नाकारली. उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये, वाजवी वेळात निर्णय घ्यायला हवा, अशा शब्दांत कान टोचले. सरकार बदललं, नव्या सरकारनं जुनी यादी मागे घेतली, प्रकरण पुन्हा कोर्टात. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेची आचारसंहिता लागायच्या तोंडावर बारापैकी सात जणांचे शपथविधी उरकले. चार वर्षं साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या पाच क्षेत्रांतल्या जाणत्यांचा बाक मोकळा. मुंबईसह महापालिकांच्या मुदती २०२० पासून संपत गेल्या, निवडणुका लांबल्या, प्रशासक बसले. नगरसेवकच नाहीत म्हटल्यावर त्यांनी निवडून द्यायच्या जागाही एकेक करून रिकाम्या पडत गेल्या.

कुणाचं काही अडलं का?

मला यातलं हेच सगळ्यात जड वाटतं. रोजच्या पेपरात त्या बारा नावांची बातमी यायची, ती कुणाच्या सरकारची जिरली या अंगानं. कवी नाही, शास्त्रज्ञ नाही, म्हणून अमुक कायद्यातली चूक कुणाच्या लक्षात आली नाही, असं कुणी लिहिलेलं मी तरी वाचलं नाही. पुढे ज्या सातांनी शपथ घेतली, त्यांतही मला कवी-शास्त्रज्ञ शोधावा लागला असता. परिषद मोडीत काढा म्हणणाऱ्यांनी दुसरा पुरावा शोधायची गरज नाही. दर वर्षी तीन अधिवेशनं, भत्ते, पेन्शन, आणि अधिकार किती, तर विधानसभेनं केलेलं विधेयक पहिल्या फेरीत तीन महिने आणि दुसऱ्या फेरीत एक महिना अडवून ठेवण्याचा. पैशाचं विधेयक असेल तर चौदा दिवस. त्यानंतर परिषदेला काय वाटतं हे कुणी विचारत नाही. राज्यात संयुक्त बैठकीचीही तरतूद नाही.

आता इथे मला माझ्या आईकडे यावं लागतं, कारण माझी गोची तिच्यामुळेच झाली आहे.

बहात्तरच्या दुष्काळात ती नुकती लग्न होऊन आमच्या गावात आली होती. तासगाव तालुका. आज तिथे बघावं तिकडे द्राक्षबागा दिसतात, पण तेव्हा विहिरींचे तळ उघडे पडले होते. ती, तिची सासू आणि दोन नणंदा दुष्काळी कामावर जायच्या. खडी फोडायची. डाव्या हाताच्या अंगठ्याला कापडाची चिंधी गुंडाळायची, कारण हातोडी दगडावर बसते तितकीच बोटावर बसते. तिच्या त्या अंगठ्याचं नख अजून दुभंगलेलं उगवतं. संध्याकाळी मुकादम चौरस लावून खडी मोजायचा आणि माप कमी भरवायचा. दुपारी सुकडी मिळायची, ती पोरांसाठी पदरात बांधून घरी न्यायची. रेशनला लाल मिलो. त्याची भाकरी थापली की कडा फाटायच्या, असं ती अजून सांगते आणि सांगताना हातानं थापून दाखवते. पण ती सगळ्यात जास्त कशाबद्दल बोलते, तर काम बंद पडण्याबद्दल. साहेब यायचा, म्हणायचा, काम संपलं. मग पुढचं काम कुठं निघतंय याची वाट बघत बसायचं. सरकारच्या मनात आलं तर काम. “मागायला तोंड नव्हतं,” असं ती म्हणते.

हे तोंड नंतर मिळालं. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. खेड्यातल्या कुणाही धडधाकट माणसानं काम मागावं आणि सरकारनं पंधरा दिवसांत ते द्यावं, नाहीतर बेकार भत्ता द्यावा. दुष्काळ जाहीर झालेला असो वा नसो. मागणं हा हक्क झाला. आई पुढे नालाबंडिंगवर गेली, पाझर तलावावर गेली, दादाच्या जन्माआधी सातव्या महिन्यापर्यंत जात होती. तिच्या बोलण्यात बहात्तरचं दुष्काळी काम आणि नंतरची रोजगार हमी अशी सरमिसळ असते, पण एक गोष्ट ती नेमकी वेगळी काढते. नंतर काम बंद पडलं की बायका मिळून तहसीलला जायच्या. आणि तहसीलदाराला उत्तर द्यावं लागायचं.

ही योजना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. १९६० पासून १९७८ पर्यंत, सलग अठरा वर्षं. त्यांनी १९६९ मध्ये पहिला प्रयोग केला तोही आमच्याच तासगाव तालुक्यात. पुढे देशानं २००५ मध्ये कायदा केला, त्याचं मूळ इथलं. या कामाला पैसा लागणार म्हणून १९७५ मध्ये नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. माझ्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला दोनशे रुपये त्याचे कापले जातात, फेब्रुवारीत तीनशे. वर्षानुवर्षं ती ओळ मी वैतागून बघत आले. हा कर कशासाठी आला ते कळलं त्या दिवशी स्लिप पुन्हा उघडून बघितली. आईच्या खडीचं माप आणि माझी पदवीधर नोकरी एका ओळीत बांधली होती, आणि ती गाठ मारायला निघालेला माणूस त्याच सभागृहाच्या खुर्चीत बसत होता, ज्याच्या निवडणुकीत माझ्या आईचं काम नाही.

परिषद टिकावी म्हणणारे लोक पागेंचं नाव हमखास घेतात. घ्यावं. पण जरा थांबून विचार करायला हवा. योजना पागेंनी आखली, सभागृहानं नव्हे. ती मंजूर व्हायला विधानसभा लागलीच, मुख्यमंत्री वसंतराव नाईक लागले, आणि दुष्काळात रस्त्यावर उतरलेले मजुरांचे, बायकांचे मोर्चे लागले. तो रेटा नसता तर पागेंचा कागद फायलीत राहिला असता. एवढं मान्य करूनही मला वाटतं, की दर पाच वर्षांनी मतदारसंघातल्या लग्नांना आणि तेराव्यांना हजेरी लावत फिरावं लागलं असतं, तर एका तालुक्यातल्या प्रयोगाचा पाठपुरावा करत इतकी वर्षं बसायला या माणसाला सवड कुठून मिळाली असती? परिषद विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी तिसरा हिस्सा निवृत्त होतो, बाकीचे बसून असतात. हे बसून असणं बहुतेकांच्या बाबतीत निव्वळ बसून असणंच ठरतं. एखाद्याच्या बाबतीत त्यातून रोजगार हमी निघते. एका पागेंसाठी किती पुनर्वसनं सोसायची, हा हिशेब मला अजून जमलेला नाही.

पदवीधर मतदारसंघाचंही तसंच होतं. मन म्हणतं, हा कोपरा आता बंद करावा, डिग्रीवर मत मोजायचे दिवस गेले. आणि मग ग. प्र. प्रधान आठवतात. पुणे पदवीधरमधून अठरा वर्षं, पुढे विरोधी पक्षनेते. अमरावतीचे प्रा. बी. टी. देशमुख आठवतात. तीस वर्षं त्यांनी विदर्भाच्या अनुशेषाचे आकडे सरकारपुढे मांडले, आणि त्यांच्या आकड्यांना उत्तर द्यायला मंत्र्यांना अभ्यास करून यावं लागे असं तिकडचे लोक सांगतात. पैसा आणि जात यांच्या जोरावर चालणाऱ्या थेट निवडणुकीत अशा प्राध्यापकांना कुणी उभं तरी केलं असतं का? आज पदवीधरची निवडणूक तशी राहिलेली नाही, हे दारात आलेल्या रुमालांवरून कळतंच. नोंदणी ज्या पक्षानं जास्त केली त्याची अर्धी निवडणूक तिथेच जिंकली जाते, कारण यादी दर वेळी कोरी, नव्यानं करायची असते.

कॉलेजात असताना आमच्या सरांनी आम्हाला मुंबईला विधान भवन दाखवायला नेलं होतं. प्रेक्षक गॅलरीत पायावर पाय टाकून बसायचं नाही, एवढी एकच गोष्ट पोलिसानं दोनदा बजावली. विधानसभेत आम्ही शिरलो आणि पाच मिनिटांत कामकाज तहकूब झालं. खाली हौद्यात कागद उडत होते. मग परिषदेत नेलं. ते सभागृह लहान, निम्मे बाक रिकामे, एक सदस्य चष्मा कपाळावर सरकवून उभे होते. विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांच्या पगाराचा प्रश्न होता. मंत्र्यांनी लेखी उत्तर वाचलं. सदस्यांनी त्याच उत्तरातलं एक वाक्य परत वाचून दाखवलं आणि विचारलं, हे ‘तपासून पाहण्यात येत आहे’ कधीपासून चालू आहे? मंत्री उठले, काहीतरी बोलले, बसले. सदस्य पुन्हा उभे. आवाज तितकाच. सभापतींनी मंत्र्यांना पुन्हा उठवलं. बाहेर बातमी व्हावी असं त्यात काहीच नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी झालीही नाही. माझी मैत्रीण झोपली होती. मला मात्र ते मंत्री तिसऱ्यांदा उठताना खुर्चीच्या हाताला कसे रेलले ते आजही दिसतं. त्या शिक्षकांचा पगार सुरू झाला का, हे मी पुढे कधी पाहिलं नाही. झाला नसावा.

नियुक्त सदस्यांबद्दल तर माझं मन सरळ दुभंगतं. निवडून न आलेला माणूस कायदे करायला बसतो, हे तत्त्वाला धरून नाही. पण डॉ. आंबेडकर मुंबईच्या कायदे कौन्सिलात पहिल्यांदा गेले ते १९२७ मध्ये, सरकारनियुक्त म्हणूनच. तेव्हा मताचा अधिकार मूठभर मालमत्तावाल्यांना होता, त्यांनी त्यांना निवडून दिलं नसतं. पुढच्याच वर्षी त्यांनी तिथे महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. ती संस्था आजच्या परिषदेहून वेगळी होती हे खरं. पण मतपेटीतून ज्याला वाट मिळत नाही त्याच्यासाठी एक खुर्ची असावी, या विचाराला मी मोडीत काढू शकत नाही. गदिमा १९६२ ते १९७४ अशी बारा वर्षं परिषदेत होते. पुढे ना. धों. महानोर गेले, शेती-पाण्यावर बोलत राहिले. राज्यसभेच्या नियुक्तीच्या यादीत सहकार हे क्षेत्र नाही, परिषदेच्या यादीत आहे. आता सहकार म्हटल्यावर आपल्याकडे कोण पुढे येतं ते काय सांगायचं.

त्याच आंबेडकरांनी १९४९ मध्ये घटना समितीत दुसऱ्या सभागृहाबद्दल बोलताना, आपल्याला त्याचं फारसं अप्रूप नाही, ते अंशतःच चांगलं आहे, असं सांगून टाकलं होतं. प्रयोग म्हणून ठेवतो आहोत, नको झालं तर काढायची सोय केली आहे, असा एकूण सूर. सोय खरोखर सोपी आहे. विधानसभेनं विशेष बहुमतानं ठराव करायचा, संसदेनं साधा कायदा करायचा. बंगाल आणि पंजाबनं परिषदा बंद केल्या. तमिळनाडूनं १९८६ मध्ये केली, ती मात्र तत्त्वासाठी वगैरे नव्हे, एका अभिनेत्रीच्या नियुक्तीवरून मुख्यमंत्री एमजीआर यांचा मानभंग झाला त्याच्या पाठोपाठ. आंध्रची गोष्ट तर सांगण्यासारखीच आहे. एनटी रामारावांना परिषदेत बहुमत नव्हतं, त्यांनी १९८५ मध्ये ती काढली. राजशेखर रेड्डींनी २००७ मध्ये परत आणली. त्यांचे चिरंजीव जगनमोहन यांची तीन राजधान्यांची विधेयकं परिषदेत अडकली, तर त्यांनी जानेवारी २०२० मध्ये ती काढण्याचा ठराव केला. पुढे परिषदेत त्यांचे लोक वाढले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ठराव मागे घेतला. बापानं आणलेली, लेकानं मोडायला काढलेली, लेकानंच ठेवून घेतलेली. बंगालनं त्याच वर्षी, पाच दशकांनंतर, परिषद पुन्हा हवी असा ठराव केला. हे सगळं वाचलं की वाटतं, ‘वरचं सभागृह हवं की नको’ हा प्रश्न कुणी कधी विचारलेलाच नाही. तिथे आपली माणसं आहेत की त्यांची, एवढंच विचारलं गेलं.

मला विचाराल तर परिषद काढू नये, पण आहे तशी ठेवूही नये. चार महिने विधेयक थांबवण्याचा अधिकार मला थोडका वाटत नाही. एका रात्रीत मांडून गोंधळात मंजूर होणारी विधेयकं आपण पाहतो, त्यांना चार महिने उन्हात वाळत घातलं तर काय निघतं ते दिसेल तरी. मात्र हे थांबवणं ज्यांच्या हातात द्यायचं ती माणसं डिग्रीच्या फॉर्मातून येऊ नयेत. पदवीधर आणि शिक्षकांच्या चौदा जागा सगळ्यांच्या मतांनी भरा, विभागवार, पसंतीक्रमानं, मोठे मतदारसंघ ठेवून. शेतमजूर, आशाताई, कंत्राटी कामगार यांच्यातून कुणी येऊ शकेल अशा तऱ्हेनं. नियुक्त बारांची नावं कुणी सुचवली आणि का, हे जाहीर व्हावं, आणि राज्यपालांना सहीसाठी तारीख घालून द्यावी. पडलेल्या उमेदवाराला त्या निवडणुकीनंतर काही काळ परिषदेचं दार बंद असावं. हे शेवटचं लिहिताना मला स्वतःलाच हसू आलं.

हसू आलं, कारण यातल्या रचनेच्या बदलाला घटनादुरुस्तीसुद्धा लागत नाही. कलम १७१ मध्ये ही सगळी वाटणी, पदवीधरांचा बारावा हिस्सा, शिक्षकांचा बारावा हिस्सा, दिलेली आहे, पण तिच्याआधीच एक उपकलम आहे. संसद कायद्यानं वेगळं काही ठरवत नाही तोवर ही रचना राहील, असं ते म्हणतं. तोवर. म्हणजे लिहिणाऱ्यांनी ही तात्पुरती मांडणी म्हणूनच लिहिली होती. पंचाहत्तर वर्षं झाली, एकाही सरकारनं ते उपकलम वापरलेलं नाही, काँग्रेसच्या नाही, भाजपच्या नाही, मधल्या खिचडीच्याही नाही. साध्या बहुमताचं काम आहे. पण ते मांडायला जो उभा राहील त्याच्याही पक्षात तिकीट हुकलेला कुणीतरी असतोच, आणि परिषदेच्या पुढच्या द्वैवार्षिक निवडणुकीची तारीख त्याला तोंडपाठ असते.